बाळंतिणीचं रक्त मोजा, अंदाज नको

संपादक महोदय,
स. न.

बाळंतपणात आई दगावल्याची बातमी छापताना कारण ‘अतिरक्तस्राव’ म्हणून एका ओळीत उरकलं जातं आणि पुढचा सगळा मजकूर नातेवाइकांच्या संतापाचा असतो. प्रसूतिकक्षात बरीच वर्षं काम केलेली परिचारिका म्हणून त्या एका ओळीविषयी लिहिते आहे.

वार सुटली की तिच्या जागच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भाशय आवळला गेला की त्या दाबल्या जातात. तो सैल राहिला तर मात्र रक्त धो धो वाहतं. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त जात असतं, म्हणजे हाताशी वेळ किती ते बघा.

बाळंतपणात रक्त जायचंच, हे खरं. पण किती गेलं ते नजरेनं ठरवलं, तर अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो. रक्त चादरीत मुरतं, बोळ्यांबरोबर बादलीत जातं, पाण्यात मिसळतं. मुरलेल्या सिस्टर आणि डॉक्टरही यात फसतात. बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवी लावली की आकडा समोर दिसतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांत असं मोजमाप आणि त्याला जोडून ठरावीक उपचार करून पाहिले गेले. गर्भाशय पोटावरून चोळणं, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, बाळाची वाट कुठे फाटलीय का आणि वारेचा तुकडा आत राहिलाय का याची तपासणी, हे सगळं एकाचा गुण येईतो न थांबता एकदमच सुरू करायचं. 2023 मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार एक लिटर वा अधिक रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 60 टक्क्यांनी कमी झालं. एक पिशवी आणि वेळेवरचे उपचार यांचा एवढा प्रताप! जागतिक आरोग्य संघटनेनेही 2025 मध्ये सांगितलं की 500 मिलिलिटरची वाट पाहू नका. 300 गेलं आणि नाडी किंवा बीपी बिघडलेलं दिसलं की उपचार सुरू करा. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत द्यावं लागतं, हेही विसरून चालत नाही.

नातेवाइकांनाही थोडं सांगायचं आहे. बाळ आलं की सगळे बाळाभोवती जमतात आणि बाळंतिणीकडे कुणाचं लक्ष नसतं. निदान एकानं तिच्याजवळ थांबावं. ती फिकी पडतेय, घाम फुटलाय, सारखं पाणी मागतेय, उगाच तळमळतेय, ‘डोळ्यांपुढे अंधारी येतेय’ म्हणतेय, तर ‘दमली असेल’ म्हणून सोडू नका. तरुण बाईचं बीपी बराच वेळ तग धरतं, आधी नाडी पळायला लागते. त्यामुळे ‘बीपी नॉर्मल आहे’ यावर विसंबू नये. नुकताच बदललेला पॅड तासाभरात पुन्हा चिंब झाला किंवा लिंबाएवढ्या गाठी पडल्या, तर लगेच सिस्टरांना हाक मारा आणि पॅड टाकून न देता दाखवा. लघवी तुंबली असेल तर गर्भाशय नीट आवळत नाही, तेव्हा तीही विचारा. आणि सिस्टर वैतागल्या तरी पुन्हा हाक मारा. मीही वैतागत असे, पण उठून बघत असे.

घरी गेल्यावरही पहिले सहा आठवडे हा धोका असतो. कमी झालेला रक्तस्राव पुन्हा एकदम वाढला, ताप आला किंवा अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास येऊ लागला, तर सकाळ व्हायची वाट न बघता रुग्णालय गाठावं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका