पंधरा आणि पन्नासच्या मधल्या गाड्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

जुन्या गाड्यांचा विषय निघाला की सध्या जो तो एकच म्हणायलाय, मोडीत काढा, धूर सोडतात, रस्त्यात बंद पडतात, कशाला ठेवायच्या. पेपरात तेच, चहाच्या हॉटेलात तेच आणि घरात बायकोचं पण तेच. मी केजला खत-बियाण्याचं दुकान चालवतो आणि वडिलांची १९८३ ची राजदूत १७५ अजून चालू ठेवलीय, रविवारी ती घेऊन धारूरच्या किल्ल्यापर्यंत नाहीतर धनेगावच्या धरणापर्यंत जाऊन येतो. माझ्यासारखे बरेच आहेत हो मराठवाड्यात, कोणाकडं येझदी, कोणाकडं जुनी बुलेट, कोणाकडं आरएक्स १००, लातूरच्या एका मित्राकडं तर कावासाकी बजाज केबी १०० आहे ओरिजिनल टाकीची. आमची बाजू कोणी मांडत नाही म्हणून हे पत्र, जरा लांबलंय पण छापा.

माझे वडील जनावरांच्या दवाखान्यात होते. युसुफवडगाव, बनसारोळा, मधली सगळी वाड्या-वस्ती याच गाडीवर. मागं औषधाची पेटी, पुढं टाकीवर मी. पावसाळ्यात आमची काळी माती कशी असती तुम्हाला माहितीय, चार हात गेलं की मडगार्डात चिखल गच्च बसून चाकच फिरत नाही, मग उतरायचं, बाभळीची काडी घेऊन उकरायचं, परत किक. राजदूत हे सगळं सोसायची. फरीदाबादला एस्कॉर्ट्स कंपनी ती बनवायची, मूळ डिझाईन पोलंडच्या एसएचएल एम ११ या गाडीचं, तीनच गिअर, टू स्ट्रोक इंजिन, दिसायला बोजड पण दुधाचे कॅन दोन्ही बाजूला लावून दूधवाल्यांनी ज्या गाडीवर संसार केले ती हीच.

वडील रिटायर झाले आणि गाडी गोठ्यात गेली ती तब्बल चौदा वर्षं. वर कडबा, खाली कोंबड्या. २०१७ ला वडील वारले, त्यानंतर भंगारवाला दारात आला आणि वजनावर भाव सांगायला लागला, तेव्हा मला काय झालं काय माहिती, मी त्याला परत पाठवलं. त्या दिवशी गाडी बाहेर काढली, किक तसूभर हलत नव्हती, पिस्टन जाम.

आमच्याकडचे एक जुने मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना चाचा म्हणतो, वय सत्तरच्या पुढं. त्यांनी गाडी बघितली आणि म्हणाले, "बेटा, करंट है, तेल है, दबाव है, इन तीनों में से एकच गया रहता, चौथा कुछ नै रहता." हे वाक्य मला आजपर्यंत पुरलंय. प्लगला ठिणगी येते का, पेट्रोल इंजिनात पोचतं का, आणि कॉम्प्रेशन आहे का, एवढं तीन तपासलं की कुठलीही जुनी गाडी पत्ता देती. आमच्या गाडीत तिन्ही गेलेलं होतं ते सोडा.

प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑईल सोडलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं. जोर लावून किक मारायची नाही, हे महत्त्वाचं, नवीन पोरं हीच चूक करतात आणि किकचे दाते नाहीतर रिंगा तोडून बसतात. नवव्या दिवशी पिस्टन हलला. इंजिन उघडलं तर सिलेंडरला गंजाचे चट्टे, मग बीडला लेथवर बोअर करून ओव्हरसाईज पिस्टन टाकला. पिस्टन-रिंगा दिल्लीच्या करोल बागेतून मागवाव्या लागल्या, पहिल्यांदा आल्या त्या डुप्लिकेट निघाल्या, परत मागवल्या, त्यात दोन महिने गेले. क्रँकचे ऑईल सील वाळून कडक झालेले. चारचौघांना वाटतं सील म्हणजे काय, रुपयाचं रबर, पण टू स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागात, येतं आणि तिथून वर ढकललं जातं, सील फाटलं की तिथून फुकटची हवा आत ओढली जाती, मिश्रण पातळ होतं, गाडी आपोआप रेस होती, गरम होती आणि शेवटी पिस्टन चिकटतो. कितीतरी लोकांनी याच कारणासाठी तीन-तीनदा पिस्टन बदललेत, सील एकदाही नाही.

टाकीत बारीक खडी आणि जुन्या चेनचे तुकडे टाकून दोघांनी धरून हलवली, आतून जे तांबडं पाणी निघालं ते बघून टाकी फेकावी वाटली होती, पण चार वेळा धुतल्यावर आत पांढरा पत्रा दिसला. पॉइंटचा, म्हणजे प्लगला वेळेवर ठिणगी देणाऱ्या स्विचचा, गॅप चाचांनी फिलर गेजशिवाय, म्हणजे फट मोजायच्या पट्टीशिवाय लावला, खिशातलं एसटीचं तिकीट घडी करून. मी नंतर गेजनं मोजून बघितलं, बरोबर होतं. सायलेन्सरची जाळी भट्टीत लाल करून झटकली, वर्षानुवर्षांची काजळी पडली. रंगाला मात्र मी हात लावू दिला नाही, टाकीवर वडिलांच्या गुडघ्यांनी जिथं रंग उडालाय तो भाग तसाच ठेवलाय.

सगळं मिळून साडेअकरा महिने लागले. पहिल्यांदा गाडी चालू झाली तेव्हा आई ओसरीतून उठून बाहेर आली, तिला वाटलं... असो.

आता मूळ मुद्दा. कायद्यात गाडीला १५ वर्षं झाली की रजिस्ट्रेशन परत करून घ्यावं लागतं, दर पाच वर्षांनी. ते बरोबरच आहे, गाडी रस्त्यावर चालायच्या लायकीची आहे का हे बघितलंच पाहिजे. दुचाकीसाठीची फी एप्रिल २०२२ पासून ३०० ची १००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला २००० केली, पर्यावरण कर वेगळा. ते पण भरू, माझी तक्रार पैशाची नाही. दुसऱ्या टोकाला जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, २०,००० रुपये फी, दहा वर्षांची मुदत, नंबरात व्हीए अशी अक्षरं. पण ती गाडी रोजच्या रस्त्यावर चालवायची नाही, प्रदर्शन, रॅली, संशोधन, नाहीतर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची तेवढीच. मुंबई-पुण्यात ज्यांच्या गॅरेजमध्ये चार गाड्या झाकून ठेवलेल्या असतात त्यांना हे ठीक आहे. केजच्या माणसाला गाडी ही झाकून ठेवायला नको असती, चालवायला पाहिजे असती.

आणि मराठवाड्यात १९७५ च्या आधीच्या गाड्या अशा आहेतच किती? आमच्याकडं दुचाकी खऱ्या अर्थानं आली ती नंतर. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ ला सुरू झाला, त्याच साली आरएक्स १०० आणि हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली, म्हैसूरची येझदी १९९६ ला बंद पडली, आरएक्स पण त्याच वर्षी. म्हणजे आमच्या सगळ्या गाड्या तीस ते पंचेचाळीसच्या घरात. सरकारच्या लेखी या गाड्या ना नवीन ना वारसा, नुसत्या "जुन्या". माझी राजदूत व्हिंटेज व्हायला २०३३ उजाडावं लागंल आणि तशी नोंद केली की तिला धनेगावच्या रस्त्यावर न्यायचा माझा हक्क जाईल, हे कसं काय पटवून घ्यायचं सांगा.

कागदाचं दुखणं तर निराळंच. वडिलांचं आरसी बुक, निळ्या शाईनं हातानं भरलेलं, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. मी आरटीओत घेऊन गेलो तर सांगितलं गाडी कंप्युटरात नाही, बॅकलॉग एंट्री करावी लागंल. त्या एंट्रीसाठी जुनं रजिस्टर पाहिजे, रजिस्टर दुसऱ्या ऑफिसात, तिथला माणूस रजेवर, असं करत सात चकरा झाल्या, दुकान बंद ठेवून. बाहेर बसलेले एजंट म्हणले, शेठ, एवढ्या पैशात दुसरी गाडी येती. चॅसी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं घासून छाप काढून दिली, इंजिन नंबर दाखवला, तेव्हा कुठं काम झालं. ऑफिसाचं नाव घेत नाही कारण तिथं शेवटी एका मॅडमनीच स्वतः उठून रजिस्टर शोधून दिलं, त्यांचे आभार. पण एंट्री नसती झाली तर गाडीचा विमा नाही, पीयूसी नाही, नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट नाही, म्हणजे चांगली चालती गाडी नुसत्या कागदापायी भंगारात. माझ्या ओळखीत अशा दोन येझदी गेल्यात.

धुराचं मान्य करतो, आडपडदा कशाला. टू स्ट्रोकमध्ये नवीन मिश्रण आत येतं तेव्हा धूर जायचं दार पण उघडंच असतं, त्यामुळं थोडं न जळलेलं पेट्रोल बाहेर जातंच, ऑईल जळतं ते वेगळं. म्हणूनच या गाड्या बंद झाल्या आणि त्या व्हायलाच पाहिजे होत्या. पण मी महिन्याला शंभर-सव्वाशे किलोमीटर चालवतो, ऑईल लिटरला चाळीस मिली मोजून घालतो, डोळ्यानं नाही, पीयूसी काढतो. आमच्यासारख्यांना वर्षाला ठराविक किलोमीटरची मर्यादा घाला, मीटर तपासा, आम्ही तयार आहोत.

बदनामी खरी होती ती सायलेन्सर कापणाऱ्या पोरांमुळं. आरएक्स घ्यायची, आतली जाळी काढून टाकायची आणि रात्री दहाला दवाखान्यासमोरून फर्रर्र करत जायचं. पोरांनो, तुम्हाला कोणीतरी चुकीचं शिकवलंय. टू स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे नुसता आवाज दाबायचा डबा नसतो, त्याच्या आकारामुळं धुराची लाट परत फिरती आणि बाहेर निघालेलं ताजं मिश्रण सिलेंडरात मागं ढकलती. तो कापला की आवाज वाढतो आणि ताकद कमी होती. अशा गाड्यांवर पोलिसांनी दंड लावावा, माझा पूर्ण पाठिंबा, फक्त मूळ सायलेन्सर असलेल्या गाडीला त्याच रांगेत उभं करू नये.

अजून एक, इथेनॉलचं. आपल्याकडं ऊस आहे, कारखाने आहेत, शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर माझा विरोध कशाला असंल, माझं दुकानच त्यांच्यावर चालतं. पण पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, उभ्या गाडीच्या टाकीत ते खाली बसतं, टाकी गंजती, जुनी रबरी नळी फुगती, कार्बोरेटरचं वॉशर सुटतं. ज्यांच्याकडं जुनी गाडी आहे त्यांनी आठ-दहा दिवस गाडी उभी राहणार असंल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेस्तोवर इंजिन चालू ठेवावं, महिनाभर उभी राहणार असंल तर टाकी रिकामी करावी, नळी नवीन, इथेनॉल सोसणारी टाकावी. मी हे केलं नव्हतं, मागच्या उन्हाळ्यात मांजरसुंब्याच्या घाटात भर दुपारी दीड तास बसलो, जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकात, हिरवट चिकट गाळ.

चाचांचा हात आता थरथरतो. त्यांच्या गॅरेजवर आता त्यांचा नातू बसतो, पोरगा हुशार आहे, लॅपटॉप लावून बीएस सिक्स गाडीचा एरर कोड काढतो, पण पॉइंट म्हणजे काय ते त्याला आजोबांनी दाखवलं तेव्हा कळलं. आयटीआयमध्ये हे शिकवायचं काही कारण उरलं नाही हे मला कळतं. तरी महिन्यातला एक शनिवार, एक जुनं इंजिन आणि असा एक म्हातारा मिस्त्री वर्गात बसवला तर पोरांना इंजिन कानानं ऐकायची सवय लागंल, आणि मिस्त्रीला मानधन मिळंल.

म्हणून परिवहन खात्याकडं मागणी एवढीच आहे. २५ ते ५० वर्षांच्या, मूळ रूपात असलेल्या दुचाकीला वेगळी नोंद द्या, चालवायच्या परवानगीसकट, किलोमीटरची मर्यादा घालून. आणि आठही जिल्ह्यात वर्षातून एकदा कागदांचा कॅम्प लावा, जुनी रजिस्टरं टेबलावर ठेवून, बॅकलॉग एंट्री त्याच दिवशी. जातीच्या दाखल्यांचे कॅम्प तालुक्याला लागतात, मग याचे का नाही लागू शकत.

माझ्या गाडीची मुदत येत्या मे महिन्यात संपतीय. आरसी बुक लॅमिनेट करून घेतलंय, छाप काढायला पेन्सिल टूलबॉक्समध्येच ठेवलीय आणि चाचा म्हणलेत पासिंगला मी पण सोबत येतो, मागच्या सीटवर बसून.

आपला,
एक नियमित वाचक,
केज, जि. बीड