सौर बंबासाठी नाव नोंदवणाऱ्या सभासदांना सूचना

सत्तरी तालुक्यातल्या आपल्या गटातील सर्व सभासदांना नमस्कार.

100 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला विजेवर साधारण 3.5 युनिट जातात. तेच काम आपल्या अंगणातलं ऊन फुकट करतं. चार माणसांच्या घराला 100 लिटरचा बंब पुरतो.

नाव देण्याआधी छपरावर चढून बघा. सकाळी 9 ते दुपारी 3 माडाची सावली पडते का? पडत असेल तर जागा बदला. बंबाचं तोंड दक्षिणेला हवं. पाण्याने भरलेला बंब स्टँडसकट दीडशे किलोच्या आसपास जातो, त्यामुळे कौलारू छपरावर ठेवू नका. न्हाणीघराच्या स्लॅबवर किंवा वेगळ्या लोखंडी स्टँडवर बसवा. थंड पाण्याची टाकी बंबाहून उंच असली पाहिजे.

माकडांचा त्रास असलेल्या वाड्यांनी काचेच्या नळ्यांच्या बंबाऐवजी सपाट पत्र्याचा प्रकार घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. नळ्या घेतल्याच, तर एक गोष्ट जपा. गेल्या चैत्रात आमची टाकी रिकामी झाली आणि भर दुपारी मी पंप लावला. तापलेल्या नळ्यांत गार पाणी शिरलं नि दोन नळ्या तडकल्या. पाणी संध्याकाळी, नळ्या निवल्यावरच सोडायचं.

पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा न्हाणीतलं भाण (पाणी तापवायचं मोठं भांडं) आणि चूल मोडू नका. सोडणं (नारळाची सालं), चुडतं (माडाच्या झावळ्या) तेव्हा जळणाला कामी येतील.

येत्या रविवारी सायंकाळी 4 वाजता देवळाच्या मंडपात जमूया. वीजबिल आणि छपराचा फोटो सोबत आणा.