असं का केलंस?

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात तुला, सूनबाईंना आणि दोन्ही लेकरांना आशीर्वाद.

परवा फोनवर तू फार चिडलेला होतास. उपासना संपल्यावर चर्चच्या दाराशी ते वयस्कर गृहस्थ तुझ्या मुलाला तिसऱ्यांदा विचारत होते, "बाळ, कितवीत आहेस?" आणि तो "सांगितलं ना एकदा!" असं खेकसून मित्रांकडे निघून गेला. तू त्याला दंडाला धरून मागे आणलंस, सगळ्या मंडळीसमोर झापलंस, माफी मागायला लावलीस. त्याने जमिनीकडे बघत 'सॉरी' म्हटलं आणि घरी येऊन खोलीचं दार लावून घेतलं. "इतकी वर्षं संडे स्कूल, घरात रोजची प्रार्थना, आणि शेवटी हे?" असं तू म्हणालास, तेव्हा तुझा आवाज भरून आला होता. फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

मुलगा चुकला, यात शंकाच नाही. पिकल्या केसांपुढे उठून उभं राहा, वृद्धाला मान दे, ही आज्ञा बायबलात लेवीयच्या पुस्तकात १९ व्या अध्यायात आहे, आणि त्याच वचनात पुढे 'आपल्या देवाचं भय धर' असं सांगितलं आहे. दोन्ही गोष्टी एका दमात. त्यामुळे पोरवय आहे, जाऊ दे, असं मी म्हणणार नाही.

पण तुझ्या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट आली नाही. तू त्याला विचारलंस का, की बाबा रे, असं का केलंस?

हा प्रश्न मला गेले दोन दिवस सोडत नाहीये. शास्त्रात तीन आईबापांच्या गोष्टीत तो येतो, आणि तिघांचं तीन तऱ्हेचं झालं.

पहिला दावीद राजा. त्याचा मुलगा अदोनीया बाप म्हातारा झालेला बघून स्वतःच राजा व्हायला निघाला. रथ जमवले, पुढे धावायला ५० माणसं ठेवली. तिथे, १ राजे पहिल्या अध्यायात, जाता जाता एक वाक्य येतं: 'तू असं का केलंस' असं म्हणून त्याच्या बापाने त्याला जन्मात कधी दुखवलं नव्हतं. महाकाय गल्याथाला लोळवणारा माणूस, पण पोटच्या पोराला एक प्रश्न विचारायचा धीर त्याला झाला नाही. अदोनीयाचा शेवट तुला माहीत आहे, भाऊ शलमोनाच्या हुकमाने तो मारला गेला.

दुसरा एली याजक. त्याने विचारलं. 'तुम्ही असं का करता?' हे शब्द १ शमुवेल दुसऱ्या अध्यायात आहेत. पण कधी विचारलं? फार म्हातारा झाल्यावर, त्याचे मुलगे हफनी आणि फिनहास मंदिरात अर्पणाचं मांस दांडगाईने उचलू लागले होते, स्त्रियांशी वाईट वागत होते आणि गावभर त्याची चर्चा झाली होती तेव्हा. आणि विचारून तो थांबला. पोरांना आवरलं नाही. एलीच्या हाताखाली वाढणाऱ्या शमुवेलाला देवाने सांगितला तो दोष नेमका हाच आहे.

तिसरी मरीया. येशू १२ वर्षांचा, आपल्या नातवाएवढाच. यरुशलेमेतल्या वल्हांडण सणाहून परतताना एक दिवसाची वाट चालून झाल्यावर कळलं की मुलगा बरोबर नाही. यरुशलेमेला परत जाऊन शोधलं, तीन दिवसांनी तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला सापडला. त्या आईचा जीव किती टांगणीला लागला असेल! आणि तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'बाळा'. बाळा, तू आमच्याशी असा का वागलास? मग तिने लपवलं नाही, आम्ही कष्टी होऊन तुला शोधत होतो हेही सांगितलं. तिने प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून घेतलं. ते उत्तर तिला नीट समजलंही नाही, असं लूक आपल्या शुभवर्तमानात लिहितो, तरी तिने ते मनात जपून ठेवलं. पुढे तो मुलगा त्यांच्याबरोबर नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला.

त्याच प्रसंगात आणखी एक आहे, ते नातवाला जरूर दाखव. मंदिरात त्या शिक्षकांजवळ बसून येशू काय करत होता? त्यांचं ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. लूकने ऐकणं आधी लिहिलंय. आपण संडे स्कूलमध्ये मुलांना नेहमी सांगतो की त्याच्या उत्तरांनी सगळे थक्क झाले. तो १२ वर्षांचा मुलगा मोठ्यांचं ऐकत बसला होता, हे सांगायचं राहून जातं.

आता मी तुला एक आठवण देतो. तू विसरला असशील, मी विसरलेलो नाही.

तू ९ वर्षांचा होतास. त्या रविवारी शास्त्रपाठ वाचायची पाळी माझी होती, १ करिंथ १३. प्रीती सहनशील आहे, दयाळू आहे, चिडत नाही. मी छान वाचलं, लोकांनी तसं सांगितलंही. घरी आलो तर कपाटाची किल्ली सापडेना. मी तुझ्या आईवर असा ओरडलो की ती हातातलं काम टाकून आतल्या खोलीत निघून गेली. तू दाराजवळ खाली बसून बुटाची नाडी सोडत होतास. गाठ बसली होती, तू नखाने ती उकलत होतास. वर न बघता तू म्हणालास, "बाबा, चर्चमध्ये तुमचा आवाज वेगळा असतो. असं का?"

किल्ली माझ्याच कोटाच्या खिशात होती.

तू मला टोमणा मारला नव्हतास. तुला खरंच कळत नव्हतं, म्हणून विचारलंस. त्या दिवशी मी तुझ्या आईची माफी मागितली, आणि तुझ्यासमोर मागितली, कारण ओरडलोही तुझ्यासमोरच होतो. 'मी दमलो होतो गं, पण...' हे ओठांवर आलं होतं, ते गिळलं. माफीत 'पण' घातला की ती माफी राहत नाही. आपल्या घरात माफी मागताना काय चुकलं ते नाव घेऊन सांगायची पद्धत पडली ती त्या दिवसापासून. तुला वाटत असेल मी तुला शिकवलं. सुरुवात तुझ्या त्या प्रश्नाने झाली होती.

म्हणून सांगतो, बाळा, मुलाच्या चुकीबरोबर तुझीही एक चूक त्या दाराशी झाली. इफिसकरांच्या पत्रात पौल बापांना म्हणतो, मुलांना चिरडीस आणू नका. कलस्सैकरांना लिहितो तेव्हा कारणही देतो, नाहीतर ती खिन्न होतील. चारचौघांत मान खाली घालायला लावलेलं १२ वर्षांचं पोर खिन्न होतं. मग त्याला चूक दिसत नाही, आपला अपमान तेवढा दिसतो. त्याच्या खोलीत जा, कॉटवर त्याच्या शेजारी बस आणि म्हण, 'मी सगळ्यांसमोर तुला ओरडलो, ते चुकलं.' तिथेच थांब. लगेच त्याची चूक काढू नकोस, तुझी माफी त्याच्या चुकीची प्रस्तावना होऊ देऊ नकोस. थोड्या वेळाने, किंवा दुसऱ्या दिवशी, विचार: असं का केलंस? आणि गप्प बस. काय उत्तर येईल ते मला माहीत नाही. कदाचित मित्र हसत होते. कदाचित परीक्षेचं काही बिनसलंय. कदाचित नुसता उर्मटपणा असेल, तर तो तसा कळू दे. एलीसारखं ऐकून सोडून द्यायचं नाही, हेही तितकंच खरं. त्याला करायला काहीतरी द्यायचं, ते शेवटी सांगतो.

आणखी एक विनंती. 'देवबाप्पा रागावेल' हे घरात बंद करा. मागच्या खेपेला जेवताना धाकटी मोबाईल बघत होती तेव्हा सूनबाई सहज तसं बोलून गेल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं, मला ठाऊक आहे. पण दर बारीकसारीक गोष्टीला देवाचं नाव घेऊन दटावलं तर मुलांना देव म्हणजे पट्टी घेऊन उभा असलेला मास्तर वाटू लागतो. मोबाईल बाजूला ठेवायचा तो समोरच्या माणसासाठी, एवढं सांगितलं तरी पोरीला कळतं. आणि तो नियम तुलाही लागू आहे.

तुला असंही वाटत असेल की बाबा नम्रपणावर फार भर देतात, आणि आजच्या जगात मऊ पोराला लोक कोपराने खणतात. ही काळजी मी समजू शकतो. पण दानिएलाकडे बघ. कैद करून बाबेलात नेलेला कोवळा मुलगा, राजाच्या मेजवरचं अन्न खाऊन स्वतःला विटाळवायचं नाही असं त्याने मनात ठरवलं. ठरवलं ते पक्कं. पण त्याने ताट लाथाडलं नाही. त्याच्यावर नेमलेल्या खोजांच्या (राजवाड्यातल्या सेवकांच्या) सरदाराला विनंती केली. सरदाराला स्वतःच्या जिवाची भीती वाटली, ती दानिएलाने समजून घेतली आणि देखरेख करणाऱ्याला तोड सुचवली: १० दिवस शाकभाजी आणि पाणी देऊन पाहा, मग तुम्हीच ठरवा. 'नाही' असं म्हणायचं, ते नीट बोलायचं आणि समोरच्या माणसाची अडचणही ध्यानात ठेवायची, तिन्ही गोष्टी त्या पोराला एकाच वेळी जमल्या. आपल्या नातवाला दोन-तीन वर्षांत अशा 'नाही'ची गरज पडणार आहे. कुणी सिगारेट पुढे करेल, कुणी कॉपी मागेल, कुणी एखाद्या मुलीचा फोटो फिरवेल. जो मुलगा आज तिसऱ्यांदा शांतपणे उत्तर द्यायला शिकतो, त्याच्याच जिभेवर उद्या ताबा असतो.

आता त्याला काय करायला द्यायचं ते. येत्या रविवारी त्याला घेऊन त्या आजोबांकडे जा. बोलू त्याला दे, तू जवळ नुसता उभा राहा. 'सॉरी' पुन्हा म्हणायला लावू नकोस. कितवीत आहे ते त्याने सांगावं, आणि मग त्यांना एक प्रश्न विचारावा: तुम्ही माझ्याएवढे होतात तेव्हा काय करायचात? उत्तर ऐकायला बसावं.

आणि जायच्या आधी त्याला माझ्याकडून एक सांग. गेल्या वर्षापासून मलाही ऐकायला कमी येतं, तुम्हा कुणाला बोललो नव्हतो. गर्दीत आवाज येतो, पण शब्द सुटे होत नाहीत, नुसता कल्लोळ वाटतो. मोठ्याने ओरडलं की आणखीच फाटतो. समोर येऊन, तोंड दिसेल असं उभं राहून, सावकाश बोललं की पहिल्या खेपेलाच कळतं.

तुझे,
बाबा