तुझा तो ठणका खरा होता

प्रिय वैशे,

सहा महिने झाले, माझं पत्र नाही की फोन नाही. दिवाळीत तू केलास तोही उचलला नाही. रागाव, पण आधी हे वाच. दुसऱ्या कुणाला सांगून ते कळायचं नाही.

माझी खालची उजवी अक्कलदाढ काढली. शेजारच्या दाढेवर आडवी रेलली होती, म्हणून हिरडी उघडून, तिचे दोन तुकडे करून काढावी लागली. काळ्या रेशमी दोऱ्याचे तीन टाके. दुसऱ्या दिवशी गाल थेट आपल्या राणेसरांसारखा! तू असतीस तर हसून लोळली असतीस.

तिसऱ्या दिवशी सूज उतरायला लागली आणि दुखणं मात्र चढलं. रात्री दोनला कानापर्यंत ठणका. गोळी घेतली की तासभर गप्प, पुन्हा सुरू. मोबाइलच्या टॉर्चने आरशात पाहिलं, तर टाक्यांच्या मधे खळगा आणि तळाशी करडं-पांढरं हाड. सकाळी डॉक्टर बघताक्षणी म्हणाले, ‘ड्राय सॉकेट’. दाढ निघाली की खळग्यात रक्ताची गुठळी बसते. तेच हाडावरचं पांघरूण, आणि नवं मांसही त्यातूनच भरतं. ती गेली की हाड उघडं. खालच्या अक्कलदाढेला हे जास्त होतं, आणि बहुतेक तिसऱ्या-चौथ्या दिवशीच सुरू होतं.

तिसरा दिवस, वैशे. त्या खुर्चीतच मला सांगलीचं हॉस्टेल आठवलं.

तुझी दाढ काढली त्या संध्याकाळी उसाचा रस मीच आणला होता, वर स्ट्रॉ घालून. ओढून प्यायलं की गुठळी निसटू शकते, म्हणून सुरुवातीचे दिवस स्ट्रॉ लावायची नाही, हे मला आत्ता कळलं. तिसऱ्या रात्री तू भिंतीला डोकं टेकून रडत होतीस आणि मी म्हणाले, ‘नाटकं बंद कर, सूज तर उतरलीय.’ तू उशी उचलून नीलाच्या खोलीत गेलीस. आपलं बिनसलं ते मेसच्या पैशांवरून, असं मी १९ वर्षं सगळ्यांना सांगत आले. पैशांवरून नव्हतं ते. (ते २४० रुपये तुझ्याकडेच निघत होते, यावर मात्र मी ठाम आहे.)

मी तर स्ट्रॉ लावली नाही, जोरात थुंकले नाही, २४ तास चूळसुद्धा भरली नाही, तरी झालंच. म्हणजे तुझं रसानेच झालं असेल असं नाही. पण ‘नाटकं’ हा शब्द माझाच होता. तो मी परत घेते. चुकले गं मी.

डॉक्टरांनी खळगा सलाइनने धुतला आणि लवंगतेलाचं औषध लावलेली गॉजची पट्टी आत बसवली. अर्ध्या तासात ठणका उतरला. पण तो वास! काकूंनी पाठवलेल्या लवंगा तू गालात धरायचीस आणि मी वास येतो म्हणून खिडकी उघडायचे.

पट्टी तीनदा बदलली, सातव्या दिवशी टाके निघाले. आज तेरावा दिवस. भाताचं शीत अडकतं, ते बिनसुईच्या सिरिंजने कोमट मिठाचं पाणी मारून काढते. कडेने लालसर मांस धरतंय. हिरडी मिटायला तीन-चार आठवडे, आतलं हाड भरायला काही महिने लागतील. रोज रात्री टॉर्च लावून बघते आणि दर वेळी तेच मनात येतं : तू पाचव्या दिवशी एसटीने एकटी घरी गेलीस. तिकडे कुणी धुऊन दिलं का तुला? पट्टी बसवली का? की आपोआप भरेपर्यंत तशीच सोसत राहिलीस? कधी विचारलंच नाही मी.

आईचा गुडघा तसाच, बाबांची साखर ठीक. तुझ्या बदलीचं काय झालं? चिनूची दहावी ना यंदा? काकूंना नमस्कार सांग.

फोन कर. तोंड अजून दोन बोटंच उघडतं, त्यामुळे तूच बोल, मी ऐकते.

तुझी,
मंदी