‘हर्मिशियन’ची अट अर्धीच सांगितली जाते

महोदय,

क्वांटम भौतिकीच्या शताब्दीनिमित्त २०२५ मध्ये मराठीत या विषयावर पुष्कळ लिहिले गेले, याचा भौतिकीच्या अभ्यासकांना आनंदच आहे. मात्र मोजता येणाऱ्या राशीचा ऑपरेटर (त्या राशीसाठी वापरली जाणारी गणिती क्रिया) हर्मिशियन (म्हणजे दोन अवस्थांच्या अंतर्गुणाकारात कोणत्याही अवस्थेवर लावला तरी तेच उत्तर देणारा) नसेल तर उत्तरे वास्तव संख्यांत येणारच नाहीत, हे पाठ्यपुस्तकांतूनही सर्रास आढळणारे विधान चुकीचे आहे. हर्मिशियन ऑपरेटरची आयगेनमूल्ये, म्हणजे मोजमापात मिळू शकणारी उत्तरे, वास्तव असतात. पण याचा व्यत्यास खरा नाही. कार्ल बेंडर आणि स्टीफन बोएचर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये, ज्यांचे विभव (स्थितिज ऊर्जेचे पद) चक्क काल्पनिक संख्यांत आहे अशा हॅमिल्टोनियनांच्याही (एकूण ऊर्जेच्या ऑपरेटरांच्याही) ऊर्जापातळ्या वास्तव आणि धन असू शकतात हे दाखवले, आणि डोरी, डनिंग व टाटेओ यांनी २००१ मध्ये त्याची काटेकोर सिद्धता दिली. त्याच वर्षी आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील झफर अहमद यांनी अचूक सोडवता येणारे एक विभव घेऊन, ही वास्तवता कुठपर्यंत टिकते आणि कुठे मोडते, याची सीमारेषाच काढून दिली.

कम्युटेशन संबंधात, म्हणजे दोन ऑपरेटर लावण्याचा क्रम बदलल्यावर पडणारा फरक सांगणाऱ्या सूत्रात, फेरफार केल्यावर हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. स्थान आणि संवेग यांच्या हायझेनबर्ग-परंपरेतील संबंधाच्या उजव्या बाजूला, ‘एक अधिक बीटा गुणिले संवेगाचा वर्ग’ असा गुणक लावला (बीटा हा एक धन स्थिरांक), की स्थानातील अनिश्चितता एका किमान लांबीच्या खाली जाऊच शकत नाही; ही लांबी बीटाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. हा संबंध पाळण्यासाठी नेहमीच्या स्थान-ऑपरेटरला डावीकडून तोच गुणक लावला, तर नवा ऑपरेटर हर्मिशियन राहत नाही, कारण संवेगाचा वर्ग आणि स्थान यांचा क्रम बदलला की संवेगाच्या पटीत एक काल्पनिक पद शिल्लक राहते. मात्र अंतर्गुणाकारात संवेगावरच्या समाकलाला त्या गुणकाने भागले, की तोच ऑपरेटर सममित, म्हणजे वरील अर्थाने हर्मिशियन, होतो. म्हणजे हर्मिशियन असणे हा एकट्या ऑपरेटरचा गुण नसून ऑपरेटर आणि अंतर्गुणाकार या जोडीचा आहे, आणि नेमके हेच आपल्या वर्गांत सांगायचे राहून जाते.

बीटा शून्याहून वेगळा असल्याचा प्रायोगिक पुरावा आजवर मिळालेला नाही, आणि हर्मिशियन नसलेल्या हॅमिल्टोनियनांबाबतचे २०१० च्या सुमाराचे गाजलेले प्रयोग प्रकाशवाहक नलिकांतले, म्हणजे अभिजात तरंगांवरचे होते, हेही लिहिताना स्पष्ट करावे. एम.एस्सी.च्या अभ्यासमंडळांनी अंतर्गुणाकाराचा हा मुद्दा किमान एका उदाहरणासह अभ्यासक्रमात घ्यावा, अशी विनंती आपल्या पत्रामार्फत करीत आहे.

आपला,
भौतिकीचा एक शिक्षक, पुणे