स्टिअरिंग ‘उलट’ फिरवा म्हणजे कुठे?

संपादक महोदय,

मागच्या चाकांच्या जोरावर चालणाऱ्या दांडग्या स्पोर्ट्‌स कारवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. फोटो झकास, पांढरा धूर वगैरे. सल्ला मात्र दीड ओळीचा: मागची बाजू घसरली की स्टिअरिंग उलट फिरवा. उलट म्हणजे कुठे? ‘शेपूट ज्या बाजूला पळाले त्या बाजूला’ एवढे लिहायला शाई कमी पडली का? आणि पायाचे काय?

माझ्या भाच्याने हाच सल्ला पाळला होता. जूनचा पहिला पाऊस, चांदणी चौकातून उतरताना उजवे वळण, चारशे हॉर्सपॉवरची गाडी, शेजारी मी, मांडीवर आंब्यांची पिशवी. वळण संपायच्या आतच पठ्ठ्याने रेस दिली. वेग जेमतेम चाळीस, पण मागची चाके जागच्या जागी गरगरली आणि शेपूट डावीकडे. त्याने स्टिअरिंगही डावीकडे दिले. शाबास! पण घाबरून पाय झटक्यात उचलला. त्यासरशी टायरांनी एकदम रस्ता धरला, हात अजून डावीकडेच, आणि गाडी उसळली ती थेट डाव्या कठड्यावर. आंबे डॅशबोर्डवर. अहो, पाय अलगद सैल करायचा असतो आणि शेपूट परत येऊ लागले की स्टिअरिंगही लगेच सरळ करायचे असते. गाडी हातची गेलीच, गोल फिरू लागली, तर मग मात्र ब्रेक पुरता दाबून धरायचा. क्लच असला तर तोही.

आमच्या पिढीला हे फियाटने शिकवले. तिचीही मागचीच चाके ढकलायची. पद्मिनीची ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास, तरी खंडाळ्याच्या ओल्या उतारावर वळणात दुसरा गिअर टाकून क्लच सटकन सोडला की मागचा भाग सरकलाच म्हणून समजा. १९८३ला मारुती ८०० आली, पुढची चाके गाडी ओढू लागली आणि ‘घसरली की पाय काढ’ ही सवय पोरांच्या हाडीमासी खिळली. त्याच सवयीनिशी आमचे भाचेसाहेब थेट चारशे हॉर्सपॉवरवर! शोरूमवाल्याने डिलिव्हरीला पाऊण तास घेतला. मोबाइल जोडून दिला, आतले निळे दिवे दाखवले. ईएसपीचे बटण धरून ठेवले की घसरण सावरणारी यंत्रणाच बंद होते, एवढे सांगायचे राहिले. भाच्याला ते रील बघून कळले. त्या दिवशी ती बंदच होती.

टायरवाल्याने नंतर दाखवले: पुढचे टायर नव्यासारखे, मागच्यांची नक्षी झिजेच्या खुणेला टेकलेली, म्हणजे १.६ मिलिमीटर. जी चाके गाडी ढकलतात तीच आधी झिजणार. भाचेसाहेब पुसत होते अलॉय चाके.

जाता जाता. रम्बलरच्या, म्हणजे वेग कमी करायला रस्त्यावर आडव्या मारलेल्या पांढऱ्या पट्ट्या ओल्या झाल्या की त्यांचा साबण होतो, असे पत्र मी एप्रिलमध्ये पाठवले होते. छापले नाहीत. जागा नसेल. धुराच्या फोटोला पाच कॉलम होती.

– एक जुना वर्गणीदार, कोथरूड, पुणे