वजनकाटा स्नायू मोजत नाही
‘वजन घटवा, पडणे टाळा’ हा ज्येष्ठांसाठीचा लेख वाचला. सल्ला अर्धाच आहे. नुसते खाणे कमी करून उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायूही जातात; आणि ठेच लागल्यावर तोल सावरतात ते मांडी-पोटरीचे स्नायूच. वयानुसार त्यांतले झटपट आकुंचन पावणारे तंतू अधिक झिजतात, म्हणून वजन तेच राहूनही धोका वाढतो. काट्यापेक्षा खुर्ची बरी: हातांची घडी छातीशी घालून सलग 5 वेळा उठा-बसा (शेजारी कोणी असावेच). 15 सेकंदांहून अधिक लागले, तर पायांत बळ कमी. वजन उतरवायचेच असेल, तर आठवड्यातून 2-3 दिवस पायांचे ताकदीचे व्यायाम आणि, मूत्रपिंडाचा विकार नसल्यास, दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने हवीत.